परदेशी निघताना लॉक-इन मोडावं लागतंय: कायद्याने नक्की किती द्यावं लागेल?

कोरी वही · सोमवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागू?

आम्ही पुण्यात बाणेरला भाड्याने राहतो. लिव्ह अँड लायसन्स करार २४ महिन्यांचा, रीतसर रजिस्टर केलेला. भाडं ३२,०००, डिपॉझिट १ लाख, लॉक-इन (म्हणजे मधेच घर सोडायचं नाही असा काळ) १२ महिने. पाच महिने झाले. आता नवऱ्याला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली, व्हिसाही आला, आणि पाच आठवड्यांनी निघायचं आहे. मी आणि मुलगीही बरोबरच जाणार, त्यामुळे घर सोडण्यावाचून इलाज नाही.

घरमालकांना फोन केला तेव्हा त्यांनी मनापासून अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. लॉक-इनचे सात महिने उरलेत, बत्तीस साते २ लाख २४ हजार होतात, डिपॉझिट त्यात वळतं करून घेतो, वरचे १ लाख २४ हजार निघायच्या आत द्या, नाहीतर केस करू. फोन ठेवला तेव्हा माझे हात कापत होते.

कपाटातून करार काढून वाचला. कलम खरंच तसं आहे. लॉक-इनच्या काळात भाडेकरू कोणत्याही कारणाने गेला तर उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यायचं. मालकाने काढलं तर मात्र फक्त 'गैरसोयीची भरपाई', तिथे आकडाच नाही. सही करताना हे कुणी वाचलं होतं? एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला होता, चहा उकळेपर्यंत आम्हा दोघांचे अंगठे लावून झालेसुद्धा. मी नावं, पत्ता आणि रक्कम तेवढी तपासली.

तर प्रश्न असे. एवढे पैसे खरंच द्यावे लागतात का? मालक आम्हाला विमानतळावर अडवू शकतात का? (सासूबाईंनी याचा धसका घेतलाय.) करारावर मामेसासऱ्यांची साक्षीदार म्हणून सही आहे. आम्ही गेल्यावर त्यांच्यामागे तगादा लागेल का? आणि ऑफिसमधले एक जण म्हणतात, डिपॉझिट हातात आहेच मालकाच्या, आता भाडं देणं थांबवा आणि गुपचूप निघून जा. तसं करावं का?


माळरान · सोमवार, रात्री ११.४८

ताई, इतकं मनाला लावून घेऊ नका. आम्ही सहा वर्षांपूर्वी असंच केलं होतं. शेवटचे दोन महिने भाडं दिलं नाही, डिपॉझिट त्यांच्याकडेच राहू दिलं, किल्ली वॉचमनकडे ठेवली आणि गेलो. एकदा वकिलाची नोटीस आली म्हणे जुन्या पत्त्यावर, पुढे काही नाही. पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षं असते, ती उलटली की विषय संपला. परदेशात कोण येतंय शोधायला!


सनदधारी · मंगळवार, सकाळी ७.३५

मी पुण्यातच दिवाणी बाजूची वकिली करते. माळरान यांचं काही बिघडलं नाही याचा आनंद आहे, पण हा मार्ग दुसऱ्या कुणाला सांगू नका, आणि त्यातली मुदतीची गोष्ट तर साफ चुकीची आहे. तीन वर्षं बरोबर, पण १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम १५ पोटकलम ५ वाचा. प्रतिवादी जितका काळ भारताबाहेर असेल तितका काळ मुदतीत धरलाच जात नाही. पाच वर्षं परदेशात काढून आलात तरी घड्याळ तिथेच थांबलेलं असतं. सहा वर्षं झाली म्हणून तुम्ही मोकळे झालात असं समजू नका.

आता कोरी वही यांचे प्रश्न.

विमानतळाचं आधी सांगते, म्हणजे घरातल्या मोठ्या माणसांना आज झोप लागेल. लॉक-इन मोडणं हा गुन्हा नाही. तो कराराचा भंग आहे, दिवाणी बाब आहे. मालक पोलीस चौकीत गेले तरी पोलीस त्यांना दिवाणी न्यायालयाचा रस्ता दाखवतील. पासपोर्ट जप्त करणं, लुकआउट नोटीस (देशाबाहेर जाताना अडवायची सूचना) काढणं, यातलं काहीही भाड्याच्या वादावरून होत नाही. पोलिसांच्या ना-हरकत दाखल्यातही हे येत नाही. पूर्ण खरं सांगायचं म्हणून एक तरतूद सांगते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३८ मध्ये, प्रतिवादी देश सोडून चाललाय आणि त्यामुळे पुढे वसुली अडेल अशी न्यायाधीशांची खात्री पटली तर त्याला हजर करून तारण मागता येतं, त्यासाठी वॉरंटही काढता येतं. पण आधी दावा दाखल झालेला हवा, आणि वॉरंटमधली रक्कम जागेवर भरली तर अटक होत नाही. घराच्या भाड्यावरून हे झालेलं मी माझ्या वकिलीत एकदाही पाहिलेलं नाही.

साक्षीदार. मामांना काहीही होणार नाही. साक्षीदार फक्त 'या माणसांनी माझ्यासमोर सही केली' एवढंच सांगतो. जामीनदार म्हणून सही असती तर गोष्ट वेगळी होती, जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. करारात 'जामीनदार' किंवा 'हमीदार' हा शब्द कुठे आहे का, एकदा डोळ्यांखालून घाला.

पैशाचं. इथे दोन कलमं महत्त्वाची, दोन्ही १८७२ च्या भारतीय करार कायद्यातली. कलम ७४ म्हणतं की करारात भंगाबद्दल आकडा लिहिलेला असेल तर न्यायालय वाजवी भरपाई देईल, आणि लिहिलेला आकडा ही त्या भरपाईची वरची मर्यादा असेल. म्हणजे २ लाख २४ हजार ही छत आहे, फरशी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या निकालात हे नीट मांडलं, आणि २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात पुन्हा सांगितलं की जिथे नुकसान सिद्ध करता येण्यासारखं आहे तिथे ते सिद्ध करावं लागतं. घर रिकामं राहिल्याचं नुकसान दाखवता येण्यासारखंच असतं. किती दिवस रिकामं राहिलं ते मोजायचं.

दुसरं कलम ७३. त्याच्या स्पष्टीकरणात आहे की नुकसान मोजताना ते टाळायचे जे उपाय हाताशी होते तेही विचारात घ्यायचे. बाणेरसारख्या ठिकाणी घर तीन आठवड्यांत पुन्हा भाड्याने जात असेल, तर मालकाला सात महिने कुलूप लावून बसता येणार नाही. नवा भाडेकरू आला की त्याच दिवसापासून त्यांचं नुकसान थांबलं. दोन भाडी एकाच घराची घेता येत नाहीत.

पण याचा अर्थ तुमचं देणं शून्य आहे असा काढू नका. करार तुम्ही मोडताय. महिन्याची नोटीस, रिकामे दिवस, नव्या भाडेकरूसाठीचा एजंटचा खर्च, हे मागणं वाजवी आहे आणि ते द्यायची तयारी ठेवा. नोकरी बदलली, देश बदलला, हे कायद्याच्या दृष्टीने करार आपोआप संपायचं कारण होत नाही. शिवाय नोटिशीचा एक महिना राहून भाडं भरणार असाल तर मुलाच्या हिशोबातले सात महिने सहाच उरतात, हेही लक्षात आणून द्या.

आणि मला तुमच्याकडून एक उत्तर हवंय. मालकांना चेक दिलेत का?


कोरी वही · मंगळवार, सकाळी ९.०२

खूप खूप आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं.

जामीनदार हा शब्द कुठेही नाही. चेक मात्र दिलेत. एजंटने 'पद्धत आहे' म्हणून दोन चेक घेतले होते. सही केलेले, बाकी कोरे. रक्कम नाही, तारीख नाही. त्याने काही होतं का?


सनदधारी · मंगळवार, दुपारी १.२०

होतं. तुमच्या सगळ्या प्रकरणात धोका असेल तर तो या दोन कागदांत आहे, म्हणून जेवायच्या सुट्टीत लिहितेय.

करार मोडणं दिवाणी आहे, पण चेक न वटणं हा १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सही करून स्वखुशीने दिलेला कोरा चेक पुढे दुसऱ्याने भरला, तरी तो देण्यापोटीच दिलाय असं कायदा गृहीत धरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे स्पष्ट केलंय. गृहीतक खोडता येतं, 'एवढं देणं नव्हतंच' हे दाखवता येतं, पण त्यासाठी फौजदारी न्यायालयात उभं राहावं लागतं. आइंडहोवनहून की ॲमस्टरडॅमहून, कुठूनही, तारखेला यावं लागतं. बँकेला 'पेमेंट थांबवा' सांगितलं तरी कलम १३८ टळत नाही.

त्याचं वेळापत्रकही माहीत असू द्या. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत मालकाने लेखी नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे द्यायचे, नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल. आता विचार करा. ही नोटीस कुठल्या पत्त्यावर जाईल? करारातल्या. म्हणजे तुम्ही नुकत्याच सोडलेल्या त्याच घरात. तुम्हाला कळणार नाही, पंधरा दिवस निघून जातील, समन्स निघेल, मग वॉरंट. फौजदारी प्रकरण प्रलंबित असेल तर पासपोर्टचं नूतनीकरणही न्यायालयाच्या परवानगीवर येऊन थांबतं. भाड्याच्या भांडणातून पासपोर्टपर्यंत पोचायचा रस्ता असेल तर तो हा आहे.

म्हणून कितीही गोडीगुलाबीने मिटलं तरी ते दोन चेक हातात घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. चेकबुकच्या अर्धुकावरून दोन्ही चेकचे नंबर आजच लिहून ठेवा.

घर सोडायची नोटीसही आजच द्या. ईमेल, व्हॉट्सॲप आणि स्पीड पोस्ट, तिन्ही मार्गांनी. त्यात आपला पुढचा पत्रव्यवहाराचा पत्ता म्हणून भारतातल्या जवळच्या माणसाचा पत्ता लिहा.


अंगण · मंगळवार, दुपारी ३.०५

डिपॉझिट दोन महिन्यांहून जास्त घेताच येत नाही असा नवा कायदा आलाय ना? मग तीन महिन्यांचं घेतलं हेच बेकायदा नाही का?


सनदधारी · मंगळवार, सायंकाळी ५.४०

तो २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा. केंद्राने नमुना म्हणून काढलेला आहे. राज्याने स्वीकारून स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा चालतो. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, अकरा महिन्यांचा असला तरीही, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. इथे नोंदणी झालीय, त्यामुळे तो मुद्दा लागू नाही.


ओसरी · मंगळवार, रात्री ९.१५

मी घरमालक आहे. निवृत्त शिक्षक. कोथरूडला एक छोटा फ्लॅट भाड्याने देतो, त्यावर आमचं औषधपाणी चालतं. या बाजूनेही कुणीतरी लिहायला हवं, म्हणून लिहितो.

चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तरुण जोडपं होतं. गुणी होती दोघं. एके दिवशी सोसायटीच्या वॉचमनचा फोन आला, 'सर, तुमची किल्ली माझ्याकडे ठेवलीय.' मी धावत गेलो. घर रिकामं होतं. गॅलरीतल्या कुंड्या तशाच होत्या, पाणी न मिळाल्याने तुळस वाळून काडी झाली होती. फ्रिज उघडा टाकला होता, त्याला बुरशी आली होती. दीड महिन्याचं भाडं आणि विजेचं बिल थकलेलं. डिपॉझिटमधून ते सगळं निघालं, पैशाने माझं फार गेलं नाही. पण करार अजून सात महिने जिवंत होता, त्यांनी घर सोडल्याचं लिहून दिलेलं नव्हतं. आतल्या वस्तू टाकू का ठेवू, नवा माणूस आणू का नको, मला कळेना. पुढे मागे येऊन 'आमचं सामान कुठे' म्हणाले तर? दोन महिने घर तसंच पडून राहिलं ते या भीतीने. एक ईमेल केला असता तर दुसऱ्या दिवशी मी घर दाखवायला काढलं असतं.

कोरी वही, तुमच्या मालकांच्या मुलाला आकडा मोठा दिसतोय कारण त्याला पुढचं काही दिसत नाहीये. त्याच्यासमोर रिकामं घर आहे. तुम्ही त्याच्यासमोर माणूस उभा करा. नवा भाडेकरू तुम्ही शोधा. घर स्वच्छ असताना, तुमचं सामान मांडलेलं असताना दाखवा. रिकाम्या घरापेक्षा नांदतं घर लोकांना लवकर आवडतं. आमच्याच दुसऱ्या एका भाडेकरूताईंनी कॅनडाला जाताना तीन कुटुंबं आणून दाखवली होती, मी त्यातलं एक निवडलं. लॉक-इनचा शब्दसुद्धा मी काढला नाही.

आणि बोलणं मुलाशी नको, वडिलांशी करा. प्रत्यक्ष जाऊन. करार वडिलांच्या नावावर असेल तर ऐकून घ्यायचा आणि ठरवायचा हक्क त्यांचा आहे.


दुपारची सावली · बुधवार, सकाळी १०.३०

ओसरी सर, वाचून गलबलून आलं.

यात अजून एक बाजू आहे. आम्ही तिघी मैत्रिणी हिंजवडीजवळ राहायचो, करारावर तिघींची नावं. एकीला जर्मनीत ॲडमिशन मिळाली, ती लॉक-इनमध्येच गेली. तिला वाटलं आपला एक तृतीयांश वाटा द्यायचा बंद केला की झालं. मालकांनी पूर्ण भाडं आम्हा दोघींकडे मागितलं, आणि वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, त्यांचा हक्क आहे. एकत्र सही केली की प्रत्येक जण पूर्ण रकमेला बांधील, आपसातला वाटा आपसात वसूल करायचा. चार महिने आम्ही तिचा वाटा भरला. तिने नंतर थोडे थोडे पाठवले, पण मधल्या काळात आमची बोलणी बंद झाली ती झालीच.

तिच्या जागी एका ओळखीच्या मुलीला परस्पर ठेवायचं आमच्या मनात होतं. ते करू शकलो असतो का? कुणाला असाच प्रश्न असेल म्हणून विचारते.


सनदधारी · बुधवार, दुपारी २.१०

परस्पर नाही. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे घरात राहायची फक्त परवानगी, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातली. घरात तुमचा हक्क निर्माण होत नाही, त्यामुळे ती परवानगी दुसऱ्याच्या हातात देताही येत नाही. नव्या माणसाने मालकाशी स्वतःचा नवा करार करायचा. कोरी वही, हे तुम्हालाही लागू. कुणी 'आम्ही तुमच्या करारावरच राहतो, भाडं परस्पर देतो' म्हणालं तर हो म्हणू नका. त्यांनी खिडकी फोडली तरी ती तुमच्या नावावर फुटेल.


ताळेबंद · बुधवार, रात्री ८.००

हिशोबाच्या दोन गोष्टी, लोक घाईत विसरतात.

एक, भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूने त्यातून टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापून भरायचा असतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून दर २ टक्के झाला. बहुतेक जण मार्चमध्ये एकदाच कापतात. पण मधेच घर सोडलं तर सोडायच्या शेवटच्या महिन्यातच कापावा लागतो. नंतर परदेशात बसून नोटिसा येतात. धागाकर्तीचं भाडं कमी आहे, तिला नको, पण वाचणाऱ्यांत कुणी असेल.

दोन, डिपॉझिट कुठल्या खात्यात परत घेणार ते आधी ठरवा. कायमचं परदेशी राहायला गेलात की इथलं साधं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं. मालकाने इथून दिलेले रुपये एनआरई खात्यात (परदेशातून पाठवलेल्या पैशांसाठीच्या) जमा होत नाहीत, एनआरओमध्येच होतात. शक्यतो निघायच्या आतच पैसे हातात घ्या. नाहीच जमलं तर इथल्या विश्वासातल्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र इथेच करून ठेवा. तिकडून करायचं म्हटलं तर दूतावासात जाऊन साक्षांकन, मग ते इथे पोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक, बराच व्याप होतो.


माळरान · बुधवार, रात्री १०.२५

मुदतीचं मला खरंच माहीत नव्हतं. ओसरी सरांचं वाचल्यावर रात्रभर डोक्यात तेच होतं. आमचे मालकही वयस्कर होते. उद्या त्यांना फोन करतो. नंबर तोच असेल अशी आशा आहे.


कोरी वही · पुढच्या आठवड्यात, शुक्रवार, रात्री ११.५५

थोडा उशीर झाला, माफ करा. बरंच घडलं.

सनदधारी ताईंनी सांगितलं त्या रात्रीच नोटीस पाठवली. ओसरी सरांचं ऐकून रविवारी सकाळी मालकांच्या घरी गेलो, मुलीला घेऊन. काका एकटेच होते. मी आधी माफी मागितली, म्हटलं करार आम्ही मोडतोय हे आम्हाला मान्य आहे, तुमचं नुकसान होऊ द्यायचं नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मागचा भाडेकरू असाच गेला आणि घर चार महिने रिकामं राहिलं, त्यामुळे मुलगा चिडलाय. तेव्हा मला कळलं की तो फोनवर आमच्याशी बोलत नव्हता, मागच्या भाडेकरूशी बोलत होता.

त्याच आठवड्यात आम्ही सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, नवऱ्याने ऑफिसात सांगितलं. पाच जण पाहून गेले. त्यातलं एक कुटुंब काकांना पसंत पडलं. त्यांना महिना ३३,००० मान्य आहे, पण ते आम्ही गेल्यावर पंधरा दिवसांनी येणार, मुलाची परीक्षा आहे.

मुलगाही शेवटच्या बैठकीला आला. कलम ७४ चं मी काढलं तेव्हा तो थोडा ताठ झाला, म्हणून मी ते तिथेच सोडलं आणि कागदावर आकडे मांडले. नोटिशीच्या महिन्याचं पूर्ण भाडं आम्ही देणार. रिकाम्या पंधरा दिवसांचे १६,०००. एजंटने त्यांच्याकडून अर्ध्या महिन्याचं कमिशन मागितलंय, करारापुरतं काम असूनही, ते १६,०००. नव्या कराराचा खर्च ५,०००. एकूण ३७,०००. डिपॉझिटमधले ६३,००० परत. काकांनी मुलाकडे पाहिलं, मुलगा म्हणाला ठीक आहे.

आता हे लिहून कसं घ्यायचं? कच्चा मसुदा केलाय. 'परस्परसंमतीने करार अमुक तारखेला संपुष्टात येत आहे, हिशोब पूर्ण झाला' एवढंच लिहिलंय. पुरेल का?


सनदधारी · शनिवार, सकाळी ८.१०

छान निभावलंत. मसुद्यात चार वाक्यं घाला. मूळ कराराचा नोंदणी क्रमांक आणि तारीख. लॉक-इनच्या कलमाखालचं कोणतंही देणं आता उरलेलं नाही आणि पुढे मागणार नाही, असं मालकांच्या तोंडचं वाक्य, लॉक-इन हा शब्द वापरून. नुसतं 'हिशोब पूर्ण' म्हटलं तर उद्या वाद होऊ शकतो की तो विजेचा हिशोब होता. तिसरं, दोन्ही चेकचे नंबर लिहून 'परत दिले' ही नोंद. चौथं, घराचा ताबा आणि किती किल्ल्या दिल्या ते, तारीख आणि वेळेसकट. मूळ करारावर ज्यांच्या सह्या आहेत त्या सगळ्यांच्या सह्या, म्हणजे तुमच्या नवऱ्याचीही. ते आधी जाणार असतील तर त्यांची सही आधी घ्या. साक्षीदार म्हणून मामांनाच बोलवा, त्यांचीही काळजी मिटेल.

६३,००० बँकेतून घ्या, रोख नको. आणि क्रम सांभाळा. पैसे जमा झाल्याचा मेसेज, चेक हातात, मग सही, मग किल्ली.


ओसरी · शनिवार, सकाळी ९.३०

मीटरचा फोटो काढायला विसरू नका. पाइप गॅसचाही. त्या काकांसमोरच काढा.


कोरी वही · तीन आठवड्यांनी, रविवार, पहाटे ४.२०

विमानतळावरून लिहितेय, बोर्डिंगला वेळ आहे.

काल दुपारी घर दिलं. सासूबाईंनी फरशी स्वतः पुसून घेतली, कुणाला हात लावू दिला नाही. काकांनी पाकिटातून दोन्ही चेक काढले, तसेच कोरे, एजंटने लावलेली टाचणी अजून त्यांना होती. नंबर जुळवले आणि त्यांच्यासमोर फाडले. बँकेचा मेसेज आला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती, तीच वेळ कागदावर लिहिली. मामांनी सही करताना विचारलं, 'ही साक्षीदाराचीच ना?' मी त्यांना तो शब्द बोटाने दाखवला.

मीटरच्या फोटोत काकांचा हातही आलाय, आकड्याखाली बोट धरलेला. तुळशीची कुंडी नव्या कुटुंबाला चालेल का विचारलं, तर त्या बाई हो म्हणाल्या. ते येईपर्यंतचे पंधरा दिवस पाणी घालायला काका स्वतः जाणार आहेत.


माळरान · रविवार, सकाळी ७.५०

सुखाने पोचा, ताई. आमच्या जुन्या मालकांचा नंबर लागला, मुलीने उचलला. दोन महिन्यांचं भाडं आणि बिलं धरून हिशोब मागितलाय, डिपॉझिट वजा जाता थोडी रक्कम निघतेय. सनदधारी, पैसे पाठवताना तिच्याकडून काय लिहून घेऊ? तिचे वडील आता नाहीत.


सनदधारी · रविवार, सकाळी ११.१५

वाईट वाटलं ऐकून. वडिलांचे वारस कोण कोण आहेत ते आधी विचारा, आई असतील तर त्यांचीही सही लागेल. कराराची प्रत तुमच्याकडे असेल तर मला व्यक्तिगत संदेशात पाठवा, पावतीचा मसुदा करून देते.